मधला बीम कुणाचा?

मी एक जुना ट्रक आहे, आणि माझा स्वभाव चांगला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमची निराशा व्हायची नाही. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की मवाळ होतात आणि सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात, असा तुमचा अनुभव असेल. मित्रांनो, मी कुणालाही माफ केलेले नाही. कुणी माफी मागितलेलीही नाही, म्हणून ते प्रकरण तिथेच आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आधी दोन लांब लोखंडी बार आले, मग शिडीला पायऱ्या ठोकाव्यात तसे त्यांच्यामध्ये आडवे बीम बसवले. ही शिडी म्हणजे ट्रकची चासी. इंजिन, केबिन, मागचा हौदा, हे सगळे तिच्या अंगावर बसते. मला वरून निळा रंग दिला, एकावर एक हात फिरवून, अगदी तोंड दिसेल असा. खाली पोटाला मात्र एक पातळ काळा हात मारला, पाहुणा कधी जाणार नाही त्या खोलीला घाईघाईने चुना फासावा तसा. तेव्हा मला त्याचे काही वाटले नाही. नव्या कोऱ्या अंगाला आपले पोट आठवत नाही.

माझा पहिला मालक बंदरावरून मासळी वाहायचा. मासळीबरोबर बर्फ येतो. बर्फ वितळतो, त्यात मासळीचे खारे पाणी मिसळते, आणि ते हौद्याच्या फळ्यांमधून थेंब थेंब खाली गळत राहते. ते सगळे माझ्या पोटावर. लोखंड आणि मीठ यांचे हाडवैर आहे. मीठ आरडाओरडा करत नाही, धडक देत नाही. ते फक्त बसून राहते आणि खाते.

मालकाला हे ठाऊक होते. दर खेप संपली की तो बर्फाच्या कारखान्याच्या नळाला पाइप जोडायचा, उकिडवा बसायचा आणि माझे पोट गोड्या पाण्याने धुवायचा. हमाल त्याची चेष्टा करायचे, म्हशीला आंघोळ घालतोस का म्हणून विचारायचे. तो म्हणायचा की म्हैस निदान शेपटी तरी मारते, हा मेला आभारसुद्धा मानत नाही. तो काही देवमाणूस होता असे समजू नका. माल जास्त भरायचा, चढावर माझा गिअर खरडायचा आणि वर मलाच शिव्या घालायचा. पण धुवायचा. म्हणून मी त्याच्या हाताखाली वर्षानुवर्षे धड राहिलो.

त्याला दोन मुलगे होते. थोरला उंच, कमी बोलणारा, एकदा ठरवले की ठरवले. धाकटा बुटका, तोंडाळ, आणि मनातून कधी काही न जाऊ देणारा. दोघेही माझ्याच सीटवर बापाशेजारी बसून गाडी शिकले.

मग बाप आजारी पडला. खेपा मुलगे करू लागले. एका सकाळी धाकटा मला घेऊन लांबच्या बाजारात निघाला होता. वाटेतल्या पेट्रोलपंपावरून त्याने घरी फोन केला. थोरल्याने सांगितले की बाबा कालसारखेच आहेत, तू माल उतरवूनच ये. धाकट्याने माल उतरवला, हौदा झाडून घेतला, चहा प्यायला आणि परत निघाला. आम्ही गल्लीत शिरलो तेव्हा दारासमोर इतक्या चपला होत्या की मला वळायलाही जागा नव्हती. बाप गेला होता. धाकटा खाली उतरला नाही. इंजिन चालू ठेवून तो बसून राहिला. शेवटी कुणीतरी येऊन चावी फिरवली.

थोरला पुढे सांगायचा की बापानेच तसे सांगितले होते, माल सडू देऊ नका म्हणाले होते. धाकटा म्हणायचा, बाप तेव्हा शुद्धीवर तरी होता का. खरे काय ते मला माहीत नाही. मी तिथे नव्हतो. मी धाकट्याबरोबर होतो, आणि तेच त्याच्या मनात कायमचे रुतून बसले.

त्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. घराच्या मधोमध भिंत उभी राहिली. भांडी वाटली, खाटा वाटल्या, अंगणातली कपड्यांची दोरीसुद्धा मधोमध कापली, म्हणजे मग ती दोघांच्याही कामाची राहिली नाही. फक्त मला कापता येईना. मला विकायला थोरला तयार नव्हता, आणि मला थोरल्याकडे सोडायला धाकटा तयार नव्हता. शेवटी पंचांनी असे ठरवले की एक दिवस मी थोरल्याचा आणि दुसऱ्या दिवशी धाकट्याचा.

मित्रांनो, दोन मालकांच्या भांडणातला ट्रक होऊ नका. थोरला उंच म्हणून सीट मागे ढकलायचा, धाकटा बुटका म्हणून पुढे ओढायचा. दोघेही रोज सकाळी सीटच्या दांड्यावर राग काढायचे. एक दिवस तो दांडा तुटलाच. तेव्हापासून सीट अशा जागी अडकली की थोरल्याचे गुडघे स्टिअरिंगला लागायचे आणि धाकट्याचे पाय जेमतेम पोचायचे. टाकीत डिझेल पुढच्या पंपापर्यंत जेमतेम पुरेल एवढेच ठेवून दोघे उतरायचे. टायरमध्ये हवा कमी वाटली तर ती उद्याच्या माणसाची. आणि माझे पोट? ते धुवायचे काम तर कायमच उद्याच्या माणसाचे. थोरला म्हणायचा, तो धुवेल. धाकटा म्हणायचा, तो धुवेल. बर्फाच्या कारखान्याचा नळ तिथेच होता, पाइपही खुंटीला तसाच होता. मीठ मात्र दोघांच्याही दिवशी सारखेच गळत होते.

आधी माझा पातळ काळा रंग फुगला. मग फोड आले. फोड फुटले की खालून तांबूस भुकटी निघायची. पुढे पापुद्रे सुटू लागले, जळक्या पोळीचे सुटावेत तसे. खड्ड्यात चाक आपटले की ते रस्त्यावर पडायचे आणि मी मागे सांडत सांडत जायचो. वरून मात्र मी निळाच होतो. दोघेही केबिन चकचकीत पुसायचे, कारण केबिन बाजारात लोकांना दिसते.

वर्षाच्या तपासणीला सरकारी तपासनीस आला. तो खाली वाकला आणि त्याने चासीला स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहिले. मोठा पापुद्रा सुटून त्याच्या डोळ्यात गेला. डोळा चोळत तो म्हणाला की या वेळी सोडतो, पण पोट साफ करून त्याला कोटिंग मारून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी ही गाडी रस्त्यावर दिसायची नाही. त्या दिवशी मी धाकट्याचा होतो. पण निरोप थोरल्यापर्यंत पोचला. वाईट बातमीला भिंत आडवी येत नाही.

आता जरा नीट ऐका, कारण हे तुमच्याही उपयोगाचे आहे. गाडीच्या पोटाला गंज लागू नये म्हणून जे लेप देतात, ते निरनिराळे असतात. रबराचा लेप जाड आणि काळा. चाकाखालचे खडे उडून लागले तरी तो टवका सोडत नाही आणि बरीच वर्षे टिकतो. पण त्याच्याखाली ओल राहिली, तर तो ती ओल आत कोंडून ठेवतो. मग गंज निवांत, कुणाच्या नजरेला न पडता खात बसतो. तेलाचा लेप पातळ. तो सांध्यासांध्यांत झिरपतो, जिथे ब्रश पोचत नाही तिथेही जातो आणि कधी वाळून तडकत नाही. पण त्याला धूळ चिकटते, पाण्याने तो हळूहळू निघून जातो आणि दर वर्षी पुन्हा द्यावा लागतो. तिसरा मेणाचा. तो या दोघांच्या मधला, पण त्याचीही दर वर्षी उठून पाहणी करावी लागते. कोणताही घ्या, आधी गाडी धुवावी लागते, खरवडावी लागते आणि खडखडीत वाळवावी लागते. हे शेवटचे सगळ्यांना माहीत असते. आणि नेमके तेवढेच कुणाला करायचे नसते.

थोरल्याला रबर हवे होते. एकदा जाड थर द्यायचा आणि पुन्हा खाली वाकून बघायचे नाही, असा त्याचा हिशोब. धाकट्याला तेल हवे होते. थोरल्याने रबर म्हटले नसते तर धाकट्याने तेल म्हटले असते की नाही, याची मला आजही शंका आहे.

बंदराच्या रस्त्यावर एका माणसाचे वर्कशॉप होते. तो दिवसभर गन घेऊन गाड्यांवर रंग फवारायचा, म्हणून सगळे त्याला फवारे म्हणायचे. खरे नाव त्यालाही आठवत नसेल. दोघे भाऊ एकाच सकाळी तिथे हजर झाले, कारण माझ्यावर काय लागणार हे दुसऱ्याच्या भरवशावर सोडायला कुणीच तयार नव्हते. मला गाडीचे पोट बघायच्या खड्ड्यावर उभे केले. फवारे खाली खड्ड्यात, थोरला माझ्या एका अंगाला, धाकटा दुसऱ्या अंगाला, आणि मध्ये मी. दोघेही फवारेशीच बोलत होते.

"त्याला सांग, रबर लागणार," थोरला म्हणाला.

"त्याला सांग, माझ्या अर्ध्या ट्रकला रबर लावलंस तर मी पटाशीने खरवडून काढीन," धाकटा म्हणाला.

फवारे थोडा वेळ मान इकडून तिकडे फिरवत राहिला. मग त्याला हसू आले. त्याने विचारले की मग काय अर्धा याचा आणि अर्धा त्याचा करू का. तो थट्टा करत होता. पण दोघांनीही माना डोलावल्या. बापाच्या मागे त्या दोघांचे एकमत झाले ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

फवारेने खडू घेतला आणि माझ्या पोटावर पुढून मागे रेघ ओढली. ड्रायव्हरची बाजू थोरल्याची, क्लीनरची बाजू धाकट्याची. रेघ मधल्या आडव्या बीमपाशी आली तेव्हा तो थांबला. हा बीम दोन्ही बाजूंना जोडलेला होता. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब फिरता शाफ्ट याच बीमला मधोमध टांगलेला असतो. त्याने विचारले की या मधल्याचे काय करू.

"त्याला विचार," थोरला म्हणाला.

"मी कशाला सांगू? त्याला विचार," धाकटा म्हणाला.

फवारेने खांदे उडवले. त्याच्याही मागे कामाची रांग होती. त्याने बीम सोडून दिला.

सोडले ते फक्त बीमच नव्हते. मला धुतले ते नावापुरते, वरवर पाइप फिरवून. वाळवलेच नाही, कारण दुसरा दिवस थोरल्याचा होता आणि त्याला खेप चुकवायची नव्हती. तारेचा ब्रश दिसेल तेवढ्या भागावर फिरला. मग ओल्या, खारट, पापुद्रे सुटलेल्या अंगावर एका बाजूने रबराचा जाड थर बसला आणि दुसऱ्या बाजूने तेल. तो वास अजून माझ्या नाकात आहे. मला नाक नाही, हे मला माहीत आहे, तरी आहे. गन बाजूला ठेवून फवारेने सांगितले की आता गाडी नव्यासारखी झाली. दोघे भाऊ खाली वाकले, आपापली बाजू बघून खूश झाले आणि दुसऱ्याची बाजू बघून जास्त खूश झाले.

पुढे काय झाले ते कुणीही सांगितले असते. तेल रेघ बघून थांबत नाही. ते झिरपत झिरपत पलीकडे गेले आणि रबराची कड त्याने मऊ केली. कड सुटली. रबराचे पदर लोंबू लागले, आणि त्यांच्या झोळीत खारे पाणी साचून राहू लागले. ते पदर बघून धाकटा समोर दिसेल त्या हमालाला सांगायचा की बघा याचे रबर. तेलाच्या बाजूवर बंदराची सगळी धूळ येऊन बसली होती. ती बघून थोरला सांगायचा की बघा त्याचे तेल. पुढच्या वर्षी तेल पुन्हा द्यायची वेळ आली तेव्हा धाकट्याने दिले नाही. आधी त्याने रबर काढावे, असे त्याचे म्हणणे.

आणि मग मधून खडखड येऊ लागली. वेग घेतला की माझ्या पोटाच्या बरोबर मध्यातून आवाज यायचा. शाफ्ट हलायचा, कारण ज्या बीमने त्याला धरले होते तो आतून सालपटासारखा झाला होता. मी दोघांनाही सांगत होतो. माझ्याकडे तेवढीच भाषा आहे. थोरल्याने ऐकले आणि त्याला वाटले की हे धाकट्याच्या बाजूने येते आहे. धाकट्याने ऐकले आणि त्याला वाटले की थोरल्याच्या. मला त्या दोघांचा इतका राग आला होता की चढावर मी मुद्दाम जास्त धूर सोडायचो. ट्रकला याहून जास्त काही करता येत नाही.

तो दिवस थोरल्याचा होता. सकाळची वेळ. लिलाव संपून माल भरला होता, आणि धक्क्यावरून वर रस्त्याला लागणारा चढ मी चढत होतो. चढाच्या पायथ्याशी लिलावाची शेड आहे. तिथे त्या वेळी माणसांची ही दाटी. स्वतःचा दिवस नसला की धाकटा त्याच शेडमध्ये क्रेट उचलायचे काम करायचा.

चढाच्या निम्म्यावर बीम तुटला. मोठा आवाजही झाला नाही. भिजलेला पुठ्ठा फाटावा तसा तो फाटला. शाफ्ट खाली कोसळला, रस्त्यावर आपटून उसळला आणि त्याने ब्रेकची नळी तोडली. थोरल्याचा पाय पेडलवर जमिनीपर्यंत गेला. त्याने हँडब्रेक ओढला. पण माझा हँडब्रेक शाफ्टलाच पकडतो, आणि शाफ्ट तर रस्त्यावर लोळत होता. मी क्षणभर थांबलो. मग मागे सरकायला लागलो, भरलेल्या हौद्यासकट, उताराने, शेडच्या दिशेने.

थोरल्याला उडी मारता आली असती. त्याने दार उघडले तेव्हा मला वाटले की हा चालला. पण त्याने एक पाय पायरीवर टाकला, अंग बाहेर काढले आणि एका हाताने स्टिअरिंग धरून मागे बघत मला वळवायला लागला. दुसऱ्या हाताने हॉर्न दाबून धरला होता. शेडमधली माणसे पांगली. एक जण मात्र पांगला नाही. धाकटा बर्फाने भरलेले क्रेट एकामागून एक माझ्या मागच्या चाकाखाली फेकत होता. ते पिचत होते, फुटत होते, पण प्रत्येकाने माझा वेग थोडा थोडा मोडला. थोरल्याने मला शेडपासून बाजूला वळवून बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवर घातले. भिंतीपाशी होड्या बांधायचा लोखंडी खुंट आहे. उघडे दार त्या खुंटावर आपटले, मिटले, आणि पायरीवरचा थोरल्याचा पाय मध्ये सापडला.

धाकटा पहार घेऊन धावत आला. दार उपसून काढले, भावाला काखेत धरून खाली उतरवले आणि जमिनीवर बसवले. थोरल्याचा चेहरा पांढराफटक झाला होता. आणि मग, मित्रांनो, इतक्या वर्षांनी धाकटा भावाशी पहिले वाक्य बोलला.

"मधला बीम तुझा होता," धाकटा म्हणाला.

थोरल्याने दात आवळले. "तुझा," तो म्हणाला, आणि त्याची शुद्ध हरपली.

या सगळ्यातून एक बाई थोडक्यात वाचली होती. थोरल्याची बायको त्याच बर्फाच्या कारखान्यात मशीनवर कामाला होती. धाकटा तिला वहिनी म्हणायचा, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. दिराशी बोलायचे नाही असे नवऱ्याने बजावले होते, आणि तिने ते पाळलेही होते. सासरच्या भांडणात तोंड घालणारी ती नव्हती. पण भिंतीला धडक बसली तेव्हा ती भिंतीच्या आतल्या बाजूला उभी होती. एक हात अंतरावर विटा सुटून पडल्या. तिने बाहेर येऊन आधी नवऱ्याला गाडीत घालून दवाखान्यात पोचवले, मग परत येऊन माझ्याकडे बघितले. तशी नजर माझ्यावर कुणीच कधी टाकली नव्हती. ती वरून काही बघतच नव्हती. ती सरळ खाली वाकली.

मला ओढून फवारेच्या वर्कशॉपच्या मागच्या आवारात टाकले होते. सगळ्यांचे मत मला भंगारात द्यावे असेच पडले. नवरा प्लास्टरमध्ये होता. उठला की दुसरी गाडी बघू, असे तोही म्हणाला. वहिनीने त्याला विचारले की दुसऱ्या गाडीलाही मधला बीम असतो ना.

दुसऱ्या दिवशी ती हातोडी घेऊन आली. माझ्या चासीवर ती पुढून मागेपर्यंत ठोकत गेली. लोखंड धड असेल तिथे टणटण वाजायचे, कुजले असेल तिथे बद्द. बद्द वाजले की ती खडूने फुली मारायची आणि म्हणायची, "मुडद्या, इथंपण?" मला राग आला, हे कबूल करतो. मी काय स्वतःहून कुजलो होतो? पण ती ठोकत होती तेव्हा बऱ्याच वर्षांनी कुणाचा तरी हात माझ्या पोटाला लागत होता.

मग ती भिंतीपलीकडे गेली. दिराच्या दारात उभी राहिली, आत गेली नाही. तिने सांगितले की उद्यापासून खरवडायला यायचे. धाकटा उसळला. आधी हे ठरू दे म्हणाला, चूक कुणाची होती ते.

"भावोजी," वहिनी म्हणाली, "चूक कुणाची ते तुम्ही दोघं म्हातारपणी ठरवत बसा, तेव्हा वेळ असेल. भिंत माझ्या अंगावर पडत होती. उद्या सकाळी या."

तो आला. तोंड फुगवून आला, पण आला. तारेचा ब्रश, पटाशी, हातोडी घेऊन माझ्याखाली आडवा झाला. पहिल्यांदा थोरल्याच्याच बाजूला भिडला. रबराचा पदर ओढला तर चटईसारखा सुटून आला, आणि खाली सगळी चासी भुसभुशीत. पाणी बाहेर पडायला चासीत जी भोके असतात, तीसुद्धा रबराने बुजून गेली होती. पाणी आत साचून बसले होते. धाकट्याच्या तोंडावर हसू आले. त्याने वहिनीला हाक मारली, फवारेला हाक मारली, बघा म्हणाला. वहिनीने बघितले आणि आता दुसरी बाजू काढा म्हणून सांगितले.

दुसऱ्या बाजूवर धुळीचा आणि तेलाचा चिखल घट्ट झाला होता. त्याने तो खरवडला. खाली तेलाचा मागमूस नव्हता. खाऱ्या पाण्याने ते कधीच धुऊन नेले होते आणि वर नुसती घाण उरली होती. त्याने पटाशी टेकवली. ती आत गेली. पलीकडून तिचे टोक बाहेर आले. धाकटा ते टोक बघत राहिला. या वेळी त्याने कुणाला हाक मारली नाही. मला तेव्हा त्याची कीव यायला हवी होती, असे तुम्हाला वाटेल. मला बरे वाटले.

त्यानंतर तो गप्प खरवडत राहिला. वहिनी कामावरून सुटली की येऊन दुसऱ्या टोकाकडून सुरू करायची. चासीचे कुजलेले तुकडे कापून नवे लोखंड जोडले, मधला बीम नवा बसवला. मग साबणाच्या पाण्याने धुतले, साध्या पाण्याने धुतले आणि उन्हात उभे करून ठेवले. फवारे घाई करायला लागला, वरवर तर वाळले आहे म्हणाला. वहिनीने त्याला खड्ड्यात उतरवले आणि सांध्यात बोट घालायला लावले. बोट ओले निघाले. मग मी आणखी उन्हात उभा राहिलो. वाळल्यावर गंज थांबवायचे औषध लावले, त्यावर प्रायमर. सायलेन्सर, ब्रेकचे ड्रम आणि शाफ्ट कागदाने गुंडाळले, कारण तिथे लेप लागता कामा नये.

आता काय लावायचे, असे फवारेने विचारले तेव्हा धाकटा तोंड उघडणार होता. वहिनीने त्याला बोलू दिले नाही. तिने मेण निवडले. ते सगळ्यात चांगले होते म्हणून नव्हे. फवारेला तिने खोदून खोदून विचारले तेव्हा त्यानेच सांगितले की नीट वाळवलेल्या अंगावर तिन्ही लेप चालतात. तिने मेण घेतले, कारण घरात त्या नावाने अजून कुणी भांडलेले नव्हते. पुढून मागेपर्यंत, दोन्ही बाजूंना, मधल्या बीमला, सगळीकडे एकच.

लेप चालू असताना थोरला कुबड्या टेकत आवारात आला. कुणी बोलावले नव्हते. एका उलट्या क्रेटवर तो बसला, प्लास्टरचा पाय पुढे पसरला आणि बघत राहिला. धाकटा माझ्याखाली ब्रश घेऊन होता. फवारेची गन पोचत नव्हती अशा कोपऱ्यांत हाताने मेण भरत होता. त्याला कुबड्या दिसल्या. त्याने मान वर केली नाही.

मग थोरला म्हणाला, "ते भोक बुजवू नकोस. पाणी बाहेर जायला लागतं."

"माहितीये," धाकटा म्हणाला.

एवढेच. फवारेची गन मध्येच थांबली, मग परत सुरू झाली. वहिनीने त्या दोघांकडे बघितलेसुद्धा नाही. तिने खिशातून तार काढली आणि पुढचे भोक मोकळे केले.

आता तुम्ही विचाराल की मग दोघे एक झाले का. नाही झाले. भिंत आहे. कपड्यांची दोरी दोन तुकड्यांतच आहे. थोरल्याचा पाय वाकडा जुळला, त्यामुळे क्लच दाबताना तो अजून कळवळतो आणि ते धाकट्यामुळे झाले असे म्हणतो. धाकटा म्हणतो, मी क्रेट टाकले नसते तर हा बोलायला उरला नसता. सीटचा दांडा तेवढा वहिनीने बदलून घेतला. दर वर्षी ती मला खड्ड्यावर उभे करते आणि दोघांनाही बोलावते. दोघे येतात, खाली वाकतात आणि कुठे काय निघाले यावरून कडाकडा भांडतात. पण आता थेट एकमेकांशी भांडतात. फवारेचे त्यामुळे फार हाल होतात. पूर्वी ‘त्याला सांग, त्याला सांग’ करत दोघेही त्याच्याच हातात होते.

मी अजून मासळी वाहतो. मीठ अजून गळते. खेप संपली की ज्याचा दिवस असेल तो कुरकुरत का होईना, पाइप घेऊन उकिडवा बसतो. मी आभार मानत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असेल, दाराची कडी असेल, लोखंडी खाट असेल. तिच्यावर काहीही लावायच्या आधी तिला घासा, धुवा आणि पूर्ण वाळू द्या. घाई झाली असेल तर त्या दिवशी लावूच नका. ओल झाकलीत तर ती कुठे जात नाही. आणि दोघांची वस्तू असेल तर मधला भाग कुणाचा, हे विचारत बसू नका. जो आधी बघेल त्याने हात घालावा. कधी माझ्यासारखा एखादा रस्त्याच्या कडेला उभा दिसला, तर केबिनचा रंग बघून माना डोलवू नका. जरा गुडघ्यावर बसा आणि पोटाखाली बघा. वरून मी नेहमीच बरा दिसतो.